बुटक्या मोरपंखीची सहा रोपं

८ जून

प्रिय पुटपुटे,

फोन केला की तू नुसतं हं-हं करतेस आणि मागून ताई ओरडते, “अगं, मावशीशी बोल की नीट!” त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर तुझं तोंड चांगलं चालतं.

घराच्या वाटण्या झाल्या. दोघं भाऊ हसत हसत सह्या करून मोकळे झाले, राहायचंय आम्हा जावांना. पुढचं अंगण माझ्याकडे आलं आणि अंगणाकडे खिडकी असलेली खोली थोरल्या जाऊबाईकडे गेली. त्या खिडकीत तिने शिलाई मशीन मांडलंय. शाळांचे गणवेश शिवते, सकाळपासून खडखड चालू. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसले की समोर तिचं तोंड. मधे फार तर सहा पावलं. बोलत तर आम्ही दोन वर्षं नाही. न बोलता रोज समोरासमोर बसायचं म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटतं.

मला मधे झाडं लावायचीत. पण वाटणीच्या कागदात तिने एक ओळ घालून घेतलीय, की खिडकीच्या खालच्या चौकटीच्या वर जाईल असं काही अंगणात लावायचं नाही, शिवणाचा उजेड जातो. खाली माझीही सही आहे. पण मी खालच्या पायरीवर बसते, कंबरेएवढं झाड मधे आलं तरी मला तिचं तोंड दिसायचं नाही. तेव्हा मला अशी झाडं हवीत की जी बारा महिने हिरवी राहतील, पानं गाळून कचरा करणार नाहीत, कंबरेपर्यंत वाढतील आणि मग गप्प बसतील. तुझ्यासारखी.

भाची रोपांच्या नर्सरीत कामाला असताना मी दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ? तूच निवडून दे. सहा बसतील असं वाटतं.

तुझी मावशी

*

१५ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र शेडमधे बसून वाचलं. मालकांनी विचारलं, काय गं, एकटीच हसतेस? मी म्हटलं, काही नाही. म्हणजे मनात म्हटलं.

तू विचारलंस ते बरं केलंस. नववीत उभं राहून धडा वाचायची पाळी आली की माझा आवाज निघायचा नाही आणि मग शाळाच सुटली, ते तुला माहीतच आहे. पण ह्या झाडांचं मला विचार, मी पानंच्या पानं लिहीन.

पहिली गोष्ट, बुटकं झाड म्हणजे लहान झाड नव्हे. गिऱ्हाईक येतं, गुडघ्याएवढं रोप बघतं, अय्या किती गोड म्हणतं आणि घेऊन जातं. ते नुसतं बाळ असतं. पाच वर्षांनी गच्चीत डोकावतं. म्हणून रोप आज केवढं आहे ते विचारायचंच नाही. वर्षाला किती वाढतं ते विचारायचं. खरं बुटकं वर्षाला दोन बोटं वाढतं, फार तर तीन.

आणि ही झाडं मेंदीच्या कुंपणासारखी नाहीत, की वाढली, छाटली, परत फुटली. हिरव्या टोकापुरतीच कात्री चालते. आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कापलंस की तिथे पुन्हा पान येत नाही, भोक पडतं ते कायमचं. म्हणून उंची आधी निवडायची, नंतर कापून आणायची नाही. हे आमचे मालक सारखं सांगतात, आणि ते बरोबर आहे.

तुझ्यासाठी मी खूप विचार केला. जमिनीवर पसरणारा निळसर ज्युनिपर आहे, दिसतो झकास, पण तो घोट्यापर्यंत. त्याच्यामागे तुझी चप्पल लपेल, तू नाही. पिवळ्या टोकांची मोरपंखी सगळ्यांना आवडते, पण दुपारचं ऊन समोरून आलं की टोकं भाजतात, आणि तुझी पायरी मावळतीकडे आहे. तेव्हा हिरवी बुटकी मोरपंखी घे. ती बुडापासून गुच्छासारखी फुटते, अंड्यासारखी गोल होते आणि कंबरेशी आली की थांबल्यासारखीच होते.

सहा रोपं मी स्वतः काढून ठेवलीत. गेल्या महिन्यात त्यांना गोल मीच कापलं. कापताना नावाच्या चिठ्ठ्या मधे येतात म्हणून सोडून ठेवल्या होत्या आणि परत बांधल्या, म्हणून त्या चुरगळल्यात, त्याचं काही नाही. मंगळवारी नर्सरीची गाडी घेऊन ड्रायव्हरकाका तिकडे येतायत. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद घे पण खोल तेवढाच. दोन रोपांत दीड हात अंतर ठेव. आता मोकळं मोकळं दिसेल, पण झाड मोठं झाल्यावर केवढं असेल ते डोळ्यांसमोर आणून लावायचं. बुडाशी पाणी साचू देऊ नकोस.

आई म्हणते, आपला हात दाखवून अवलक्षण करू नकोस, उद्या मेली तर मावशी बोल लावेल. नाही मरणार.

तुझी पुटपुटी

*

३ ऑक्टोबर

प्रिय पुटपुटे,

तीन महिन्यांत एक ओळ नाही! मीही नाही लिहिलं म्हणा, पण मी मोठी आहे, मला चालतं.

अगं, काय हाताला गुण आहे तुझ्या! वीतभर वाढली झाडं! तू म्हणाली होतीस वर्षाला दोन बोटं. तीन महिन्यांत वीत! गोल होती, त्यांना आता मधोमध एकेक शेंडी फुटलीय. सहा बटू मुंडन करून ओळीने बसल्यासारखे दिसतात. येणारा-जाणारा विचारतो, खत काय घालता? मी सांगते, माझ्या भाचीने पाठवलीत, शाळा सोडली तर काय झालं, पोरीच्या हातात जादू आहे.

जाऊबाई मशीन थांबवून बघत असते. नाकाला मिरच्या झोंबल्यात, दुसरं काय. मी पायरीवर बसले की आता तिची हनुवटी दिसत नाही. कपाळ अजून दिसतं. ह्या वेगाने वर्षभरात कपाळही जाईल.

तुझ्या मालकांना सांग, मावशी खूश आहे.

तुझी मावशी

*

१० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. तू बरी आहेस ना?

एक कर. फांद्या बाजूला करून बुडाशी बघ. जमिनीतून एकच काठी वर आलीय की पाच-सहा आल्यात? सहाही झाडांचं बघ. एकाचं बघून सगळ्यांचं सांगू नकोस. आणि शेंडी मऊ आहे की कडक ते चिमटीत धरून बघ. काळजीचं काही नाही, मालकांना माहिती हवीय म्हणून विचारते.

पाणी कमी कर. खत घालू नकोस. अजिबात घालू नकोस.

लगेच लिही. म्हणजे घाई नाही, पण लगेच लिही.

पुटपुटी

*

१६ ऑक्टोबर

प्रिय पुटपुटे,

कसल्या गं तुझ्या मालकांच्या चौकशा! गुडघ्यांवर बसून सहाही झाडांच्या पोटात डोकं घातलं. समोरून जाऊबाई बघतेय, तिला वाटलं असेल माझी कुडी हरवली. एकच काठी आहे, सहाही झाडांना. सरळ, जाड, माझ्या अंगठ्याएवढी. शेंडी कडक.

खत मी तुझं पत्र यायच्या आधीच घातलं होतं, ओंजळ ओंजळ. अजून बोटभर वाढलीत. वाढू दे की! दुसऱ्याची झाडं वाढत नाहीत म्हणून लोक रडतात आणि तू?

मावशी

*

२१ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र बसून वाच. पायरीवर नको, आत बसून वाच.

तुझी झाडं बुटकी नाहीत. ती साधी मोरपंखी आहे, बी पेरून केलेली, लोक मोठ्या कुंपणाला लावतात ती. दोन माणसांएवढी होते. मालकांना माहिती हवीय हे मी खोटं लिहिलं, मालकांना काहीच माहीत नाही.

सगळं सांगते. मे महिन्यात मालक म्हणाले, दोन्ही रांगा गोल काप, गोल रोप लवकर उचललं जातं. डावीकडे बुटकीची रांग, उजवीकडे मोठीची. मी चिठ्ठ्या सोडल्या आणि दोन जुड्या करून ठेवल्या, डावीची डाव्या खिशात, उजवीची उजव्या. कापून झालं आणि तेवढ्यात एक बाई आल्या. मला विचारायला लागल्या, अगं मुली, ह्यातलं सावलीत कोणतं चालेल? मला येत होतं, मावशी. चांगलं येत होतं. पण त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी पळाले. पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले त्या जाईपर्यंत. मग टाकीकडूनच परत आले आणि चिठ्ठ्या बांधल्या. डाव्या खिशातल्या डावीकडे, उजव्यातल्या उजवीकडे. पण गेले होते शेडच्या बाजूने आणि आले टाकीच्या बाजूने. माझी डावी-उजवी उलटली होती. आणि कापून सगळी सारखीच गोल झाली होती.

संध्याकाळी जरा शंका आली होती. पण खात्री करायची तर मालकांना विचारायला लागलं असतं. मी म्हटलं, बरोबरच असेल. आणि मग चार-पाच महिने रोज म्हणत राहिले, बरोबरच असेल. तुला पत्र का नाही लिहिलं, तर ह्यासाठी. तुझं शेंडीचं पत्र आलं त्या दिवशी मी जाऊन ‘मोठी’ म्हणून चिठ्ठी बांधलेली रोपं बघितली. दोन बोटंसुद्धा वाढली नव्हती.

दोन वर्षांत तुझी झाडं चौकटीवर जातील, पाच वर्षांत खिडकी बंद होईल. कापून चालणार नाही, ते मी तुला आधीच लिहिलंय. आता थंडीत मातीच्या गोळ्यासकट काढली तर जगतील. अजून एक वर्ष गेलं की मुळं सोडणार नाहीत. मी येऊन काढते. जाऊबाईंना तू सांग ना, तुझ्या तोंडून बरं दिसेल.

त्याच रांगेतली रोपं अजून पाच घरी गेलीत. मालकांना सांगायला हवं. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचंच, आणि ते समोर आले की झारी उचलून दुसरीकडे जाते. इथल्या झाडांना इतकं पाणी आयुष्यात मिळालं नसेल.

मला खाल्लेलं गोड लागत नाही. लगेच लिही.

पुटपुटी

*

२८ ऑक्टोबर

प्रिय पुटपुटे,

तुझं पत्र वाचून आधी अंगणात जाऊन झाडांकडे बघून आले. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि मला हसू आलं. वेडे, रडतेस कशाला? बरं झालं!

झाडं काढायची नाहीत.

नीट ऐक. मी कुणाला फसवलंय का? मी बुटकी मागितली, बुटकी म्हणून लावली, चिठ्ठी अजून झाडाला आहे. आता झाडच वाढलं तर मी काय त्याच्या डोक्यावर जाऊन बसू? तिला कोर्टात जायचं तर जाऊ दे, झाडावर खटला घालू दे.

तुला माहीत नाही म्हणून सांगते. त्याच खोलीत सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मी केलं. हगणं-मुतणं मी काढलं. ही तेव्हा वेगळी राहत होती, रविवारी यायची, पायाशी बसायची आणि जायची. त्या खिडकीची काच रोज मी पुसायची, सासूबाईंना बाहेरचं दिसावं म्हणून. आणि वाटणीत खोली कुणाला? थोरलेपणाच्या मानाने तिला! वर उजेडाची अट मला! तेव्हा सगळे गप्प बसले, मीही गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आता झाडं बोलतायत तर बोलू दे.

तू एवढंच कर. नर्सरीच्या छापील कागदावर दोन ओळी लिहून पाठव, की ही बुटकी जात आहे, आम्ही खात्रीने दिली. उद्या विषय निघाला तर माझ्या हातात काहीतरी हवं. आणि मालकांना सांगायची घाई करू नकोस. नोकरी गेली तर ताई मला फाडून खाईल. कुणाला काही कळायची गरज नाही. गप्प बसायला तुला कुठे कष्ट पडतात?

तुझी मावशी

*

४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं शेवटचं वाक्य मी खूप वेळा वाचलं. पडतात कष्ट. मे महिन्यापासून पडतायत. तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी गप्प असते म्हणजे आत काही चालू नसतं.

नर्सरीच्या कागदावर तसलं काही लिहून देत नाही.

मालकांना काल सांगितलं. सांगितलं म्हणजे आधी दोन्ही रांगांतलं एकेक रोप कुंडीतून काढलं आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, मातीसकट. एकाला एक काठी, एकाला सहा. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही उलटीपालटी करून बघितली आणि त्यांना कळलं, कळल्याचं दिसलं मला. मी निघाले. ते म्हणाले, थांब, आता तोंडाने सांग. मी सांगितलं. टाकीमागे लपले होते तेही सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, पाच घरं आहेत, वहीत नंबर आहेत, फोन तूच करायचेस.

मावशी, पहिल्या फोनला पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि मी ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा माझा आवाज दार कुरकुरल्यासारखा निघाला, पण निघाला. तिसरे एक काका होते, ते इतके बोलले, इतके बोलले, आणि मी मधेच म्हटलं, “काका, माझं पूर्ण होऊ दे, मग बोला.” माझं मलाच खरं वाटेना. मालक वहीत डोकं घालून हसत होते. नोकरी आहे अजून. गोल कापायच्या कामावरून मात्र काढलंय, आणि ते बरोबरच आहे.

आता तुझं. त्या खोलीचं तू सांगितलंस ते मला माहीत नव्हतं. ऐकून मलाही राग आला. तू जाऊबाईंशी भांड, मोठ्याने भांड, सासूबाईंचं सगळं काढ. पण माझ्या चुकीने भांडू नकोस. त्या तिथे कमी उजेडात निळ्या कापडावर निळा दोरा चालवणार आणि मी इथे बसून म्हणणार, बरोबरच असेल? मला परत तसं राहायचं नाहीय.

रविवारी ड्रायव्हरकाकांबरोबर येते. कुदळ आणि गोणपाट आणते. तू जाऊबाईंना सांगितलं नसशील तर मी सांगेन. कसं सांगेन ते माहीत नाही. कालपासून पाठ करतेय, आई म्हणते भिंतीशी काय बडबडतेस.

रागावली असशील तर रविवारी घरात घेऊ नकोस, मी अंगणातूनच जाईन.

पुटपुटी

*

१२ नोव्हेंबर

पुटपुटे,

‘प्रिय’ लिहिणार नाहीय. अजून राग आहे.

मी दारात उभी होते. तुला वाटलं असेल सांगितलं असेल मावशीने. नव्हतं सांगितलं. आणि तू माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून सरळ तिच्या दाराशी गेलीस! माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी! मला वाटलं, उभी राहील, पाय घासेल आणि परत येईल. पण तू कडी वाजवलीस. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, पण मशीन थांबलं ते ऐकू आलं. इतका वेळ ते मशीन दिवसा कधी थांबलं नव्हतं.

नंतर तू दिसलीस ती तिच्या खिडकीत. तिच्या स्टुलावर बसवलं होतं तुला. तिथून किती दिसतं ते बघ म्हणाली ना? मला वाटलंच. मग दोघी बाहेर आलात आणि माझ्या अंगणात माझी झाडं उपसायला लागलात, आणि मी आत. मी यायचं नाही असं ठरवलं होतं. पाच झाडं झाली तरी आले नाही. सहाव्याची माती सुटायला लागली, मुळं उघडी पडली, तू नुसती बघत राहिलीस आणि ड्रायव्हरकाका गाडीत झोपलेले. मग माझ्याच्याने राहवेना, येऊन मातीचा गोळा खालून धरला. झाडाने काय केलंय कुणाचं?

“नीट धर,” ती म्हणाली.

“धरलंय,” मी म्हटलं.

दोन वर्षांनी बोललो ते एवढंच. तू मधे वाकून गोणपाट बांधत होतीस, तुला वाटलं असेल त्यात काय विशेष.

सासूबाईंचं अजून काढलेलं नाही. काढणार आहे. तू सांगितलंस म्हणून नाही.

ती सहा जगली का ते कळव. नर्सरीच्या मागच्या कुंपणाला लावलीस तर तिथे हवी तेवढी वाढू दे त्यांना, आणि शेंडीला कुणाला कात्री लावू देऊ नकोस.

खरी बुटकी घेऊन ये. चिठ्ठी नसली तरी चालेल, पण ह्या वेळी बुडाशी काठ्या मी स्वतः मोजून घेईन. आणि एक सांग. तू लिहिलंस वर्षाला दोन बोटं. मी पायरीवर बसून हिशेब केला. तिचं तोंड झाकायला त्यांना सात-आठ वर्षं लागतील. रिकाम्या अंगणापलीकडे ती बसलेली असते, अलीकडे मी. आज सकाळी तिने मान हलवली. मीही हलवली. चुकून हलली.

सात-आठ वर्षं! तोवर रोज समोरासमोर बसून आम्ही दोघींनी काय बोलायचं ते तुमच्या नर्सरीत कुणाला माहीत असलं तर विचारून ठेव.

तुझी मावशी